संताच्या पोटातला कागद

समुद्रकाठच्या बाउआन गावच्या शाळेत लिओन्सिया माकातांगाय आणि मी, क्रिस्पुलो, शेजारशेजारच्या वर्गांवर शिकवायचो; गावात शिक्षिकेला माएस्त्रा आणि शिक्षकाला माएस्त्रो म्हणत. स्पॅनिशांची सत्ता जाऊन अमेरिकन अंमल येऊन पंचवीसेक वर्षं झाली होती. मुलांच्या पुस्तकात आमचा इतिहास स्पॅनिश गलबतापासून सुरू व्हायचा; पहिल्या नकाशात ते गलबत आणि भोवती कोरा समुद्र. तपासनीस साहेब एकदा म्हणाले, "पाद्री येण्याआधी इथे वाचण्याजोगं काही नव्हतंच. त्यात तुमचा काय दोष?" साहेब सहानुभूतीनं बोलले, म्हणूनच ते जास्त लागलं.

त्याच वर्षी चर्चमधल्या सान रोके या संताच्या लाकडी मूर्तीला वाळवी लागली. लिओन्सियाचे मामा, तियो इलारियो, होड्या बांधायचे. मूर्तीही त्यांच्याकडेच दुरुस्तीला आली. पाठीमागची फळी काढली तर पोकळ पोटात एक घडी केलेला कागद. खाली स्पॅनिशमध्ये एक ओळ, पुसट झालेली. त्यातलं १६२५ एवढं वर्ष लागत होतं. आणि वर आमची जुनी अक्षरं, बांगडीच्या तुकड्यांसारखी वळणदार. आमच्या गावात ती कुणालाच येत नव्हती. माझ्या पणजोबांनाही येत नसावीत.

"समोरच्या मिंदोरो बेटावर, डोंगरात मांग्यान लोक अजून अशीच काहीतरी अक्षरं बांबूवर कोरतात," तियो म्हणाले. "मीठ विकायला जातो ना मी, पाहिलीत."

लिओन्सियानं लगेच बाह्या सरसावल्या. "मग नेता का आम्हाला?"

"माएस्त्रा, समुद्र लागला तर माझ्या होडीत ओकायचं नाही, एवढी अट."

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही निघालो. वाटेत लिओन्सियानं मला बजावलं, "कागद दोन वेगळ्या वस्त्यांत, दोन वेगळ्या माणसांना दाखवायचा. एकाचं वाचन दुसऱ्याच्या कानावर जाता कामा नये. आणि माएस्त्रो, तुम्ही तोंड बंद ठेवायचं."

पहिल्या वस्तीत एक म्हातारा भेटला. आम्ही दिलेलं मीठ आणि मणी त्यानं बाजूला ठेवले, विडा गालात सरकवला आणि कागद मांडीवर घेतला. गाणं म्हणावं तसा तो एकेक अक्षर म्हणू लागला, "आ, को, सि, मा, लि, हा..." त्याची भाषा वेगळी, त्याला अर्थ लागत नव्हता. मला मात्र लागत होता. आको सि मालिहा. मी मालिहा. मी भराभर वहीत उतरवून घेऊ लागलो.

पुढची अक्षरं ओल लागून फुटली होती. म्हातारा थांबला. मला कधीपासून वाटत होतं की हा कुणा राजाचा हुकूम निघावा. साहेबांच्या टेबलावर नेऊन आपटता येईल असा. आमच्या भाषेत राजा म्हणजे हारी. माझ्यानं राहवलं नाही. "हारी असेल ना? हा, री?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, हसला, मान डोलावली. "हारी."

बाहेर आल्यावर लिओन्सिया माझ्यावर कडाडली. "ते वाचलं त्यानं, की तुम्ही त्याच्या तोंडात घातलंत? पाहुण्याचं मन राखलं बिचाऱ्यानं! साहेब आपल्याविषयी हवं ते वाचतात म्हणून आपण चिडतो. मग आपण काय केलं?"

मी वहीत त्या शब्दापुढे फुली मारली.

दुसरी वस्ती अर्ध्या दिवसाच्या चढावर होती. तिथे उमिंग नावाची बाई होती, कमरेला सुरी, बोटं टणक. ती आपल्या झोपडीच्या खांबांवर गाणी कोरायची. मी दहा पावलं लांब जाऊन बसलो आणि दात आवळले. तिनंही तसंच सुरू केलं. आ को सि मा लि हा. एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. तीनशे वर्षं मुकी असलेली कुणीतरी दोन अनोळखी गळ्यांतून तेच बोलत होती.

डागापाशी उमिंग थांबली. तिनं कागद उन्हासमोर तिरका धरला, बराच वेळ. "ही दोन अक्षरं जुळी आहेत," ती म्हणाली आणि तियोंनी ते आमच्या भाषेत सांगितलं. मग तिनं वाचलं, "बा, बा, ए."

बाबाए. बाई.

पुढचं तिनं न अडखळता म्हटलं, "ता गा दि तो. आ कि आ तु बि." उमिंग म्हणाली, या अक्षरांत शब्दाच्या शेवटचं व्यंजन लिहीत नाहीत, ते ऐकणाऱ्यानं भरायचं. लिओन्सिया पुटपुटत भरत गेली, "तागा दितो. आकिन आंग तुबिग." मी मालिहा, बाई, इथलीच. पाणी माझं.

कुठला राजा नाही, हुकूम नाही. कुठल्याशा पाण्यावर हक्क सांगणारी एक बाई, स्वतःच्या अक्षरांत. तियोंनी डोक्यावरची टोपी काढली. साहेबांना दाखवायला मी सिंहासन शोधत होतो, आणि इथे एका साध्या बाईला लिहिता येत होतं. एकीला येत होतं म्हणजे तिला शिकवणारं कुणी असणार, तिचं वाचणारं कुणी असणार. नकाशातल्या त्या कोऱ्या समुद्राकाठी किती माणसं उभी होती!

लिओन्सियानं अहवालात दोन्ही वाचनं लिहिली. पहिल्या वाचनाखाली लिहिलं, "हा शब्द क्रिस्पुलो यांनी सुचवला, म्हणून ग्राह्य नाही." मी स्वतः त्याची सुवाच्य प्रत काढली आणि ती ओळ वगळली नाही. साहेबांनी अहवाल ठेवून घेतला. पुस्तक काही बदललं नाही. आम्ही दोघांनी मात्र पुढच्या सोमवारपासून पहिला धडा मालिहापासून शिकवायला घेतला.

त्या दिवशी डोंगरावरून निघताना उमिंगनं विचारलं होतं, "मग तिला पाणी मिळालं का?"

लिओन्सियानं कागद पुन्हा एकदा नीट पाहिला. "ते यात नाही, बाई," ती म्हणाली. "आम्हाला ठाऊक नाही."