एकच किल्ली

आमच्या घराची किल्ली दीड वर्ष माझ्याच पर्समध्ये होती. नवऱ्याकडे घराची किल्ली नसणं म्हणजे काही जगबुडी नव्हे, पण आमचे हे पडले किल्लीवाले. निम्म्या गल्लीची कुलपं यांच्या हाताखालून गेलेली, आणि स्वतःच्या दारात मात्र बेल वाजवून उभे. दिव्याखाली अंधार तो हाच. प्यायल्यावर यांना कुलपाचं भोक सापडायचं नाही, आणि सापडलं की दार सताड उघडं टाकून निघून जायचे. दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मी किल्ली काढून घेतली.

मी दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते. दारू सोडणाऱ्यांच्या सभेची चिठ्ठी तिथल्याच फलकावर दिसली. दर गुरुवारी संध्याकाळी सहाला, वाचनालयाच्या वरची खोली. सोडलेली माणसं सोडू बघणाऱ्यांशी बोलतात, कुणी नाव विचारत नाही. मी पत्ता उतरवून यांच्या हत्यारांच्या पिशवीत टाकला.

पहिल्या गुरुवारी हे परत आले. "अगं, कुलूप होतं."

दुसऱ्या गुरुवारीही कुलूप होतं. तिसऱ्या गुरुवारी मला हसू आवरेना.

"अहो, तुम्ही कुलूप बघून परत फिरलात? मासा पाण्यात बुडाला म्हणून सांगा, तेही मानीन."

चौथ्या गुरुवारी मी सोबत गेले. दार उघडं, आत दहाबारा माणसं चहा पीत बसलेली. मी यांच्याकडे पाहिलं, हे छताकडे पाहू लागले. नाचता येईना अंगण वाकडं!

दारात एक धिप्पाड बाई उभ्या होत्या. त्या बस चालवतात, सगळे त्यांना ताई म्हणतात. "घरच्यांना आम्ही महिनाअखेरीला बोलावतो," त्या मला म्हणाल्या, आणि शेवटची बस सुटत असावी तसं यांना आत ओढून घेतलं.

तासाभराने हे खाली आले ते हातात किल्ली घेऊन. तिथली रीतच तशी. सगळ्यात नव्या माणसाने खोलीची किल्ली सांभाळायची, अर्धा तास आधी येऊन खुर्च्या मांडायच्या, चहाचं आधण ठेवायचं. आणखी नवा कुणी येईपर्यंत सुटका नाही.

"ओळख ना पाळख, सरळ किल्ली दिली!" हे रस्ताभर कुरकुरत होते. "मला! ज्याची बायकोसुद्धा देत नाही त्याला!"

मला ते लागलं. 

महिनाअखेरीच्या सभेला मी गेले, तर यांनी टेबलावर चकचकीत अकरा किल्ल्या मांडल्या. असं फक्त किल्लीवालाच करू जाणे. "प्रत्येकाला एक. आता माझ्यावाचून कुणाचं अडायला नको." चेहऱ्यावर असा भाव, की जणू हार घेऊन लोक धावतच येतील.

ताईंनी एक किल्ली उचलून न्याहाळली. "काम सुरेख आहे हो. पण एखाद्या गुरुवारी तुम्ही आला नाहीत तर?"

"तर काय, कुणीही उघडेल."

"म्हणून तर नकोत." त्यांनी अकराही किल्ल्या गोळा करून यांच्या पिशवीत टाकल्या. "किल्ली माझ्याकडे होती तेव्हा मी एकदा गुत्त्याच्या दारापर्यंत गेले होते. मग आठवलं, जिन्यात सगळे ताटकळत असतील. तशीच मागे फिरले."

यांची पळवाट बुजली. परतताना मी एकही टोमणा मारला नाही. माझ्यासाठी हा मोठाच त्याग होता.

पाच महिने नवा कुणी आला नाही आणि यांचा एकही गुरुवार चुकला नाही. एका गुरुवारी धुलाईघरातलं यंत्र बिघडलं, मला घरी यायला उशीर झाला. हे सभा आटोपून आमच्या पायरीवर बसलेले, मांडीवर हत्यारांची पिशवी.

"अहो, दोन मिनिटांत उघडलं असतंत की."

"उघडलं असतं."

"मग?"

"किल्ली तू काढून घेतलीस. तू देशील तेव्हाच उघडीन."

मला रडू आलं, म्हणून मी पायपुसणं वाकडं झाल्याबद्दल यांना रागावले.

सकाळी मी किल्ली यांच्यापुढे ठेवली. "हिच्यावरून दुसरी करून देतो तुला," हे म्हणाले.

"नको. एकच राहू दे. मी सहाला येते."

खोटं कशाला बोलू, दिवसभर इस्त्रीत लक्ष नव्हतं. एक चादर करपवली. सहाला घरी पोचले तर दाराला कुलूप. साडेसहा झाले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "किल्ली विसरलीस?" मी मान हलवली आणि हे बसायचे त्याच पायरीवर बसले. इथे बसलं की पावलांचा प्रत्येक आवाज आपल्याकडेच येतोय असं वाटतं.

सात वाजायला आले तेव्हा हे धापा टाकत आले. "अगं, कुलूप होतं! एक आजी न्हाणीघरात अडकल्या होत्या, दाराचं कुलूपच..."

"कुलूप होतं, हे मी तीनदा ऐकलंय."

"या वेळी खरंच होतं."

कॉलर नीट करायच्या निमित्ताने मी जवळ गेले. तेलाचा आणि लोखंडाचा वास आला. हे समजले, पण तसेच उभे राहिले. मग वळून यांनी किल्ली लावली. पहिल्याच वेळी बरोबर बसली.