चांद्रयानाच्या दिवशी बाहेर आलेली दुर्बीण

मी जळकोटजवळच्या एका शाळेची जुनी दुर्बीण आहे. वय चाळीस, अंग पत्र्याचं. आभाळ दिसलं नाही की मला चैन पडत नाही, मित्रांनो.

हॅलेचा धूमकेतू आला त्या साली वैजनाथ गुरुजींनी हैदराबादहून भिंगं आणली आणि गावातल्या पत्रेवाल्याकडून माझं नळकांडं करून घेतलं. पहाटे शाळेच्या गच्चीवर रांग लागायची. धूमकेतू पुसट कापसासारखा दिसला, तरी माणसं कौतुकानं माझ्या अंगावरून हात फिरवून जायची. पुढं गुरुजींची बदली झाली आणि मी कपाटात गेले. भिंगावर बुरशी धरली. बाहेर पोरांचा गलका व्हायचा, मी आतल्या आत तडफडायचे.

या ऑगस्टमध्ये चांद्रयान चंद्रावर उतरल्याला तीन वर्षं झाली. त्या दिवसासाठी विशाखा मॅडमनी मला बाहेर काढून मऊ कापडानं पुसलं. मुख्याध्यापक शेषेराव सरांनी मात्र बजावलं होतं, की काही दिसलं नाही तर ही भंगारात जाईल. कपाटाची जागा संगणकाला हवी आहे.

संध्याकाळी शाळेचं आवार माणसांनी भरलं, आणि आभाळ ढगांनी. मॅडम सारख्या वर बघत, माझा स्क्रू उगाच फिरवत. लोक कंटाळून उठू लागले. मॅडमच्या सासूबाई सरजाबाई तेवढ्या माझ्याजवळ थांबल्या. लहानपणी त्यांना देवी आल्या होत्या, चेहराभर वण होते. चारचौघांत त्या पदरानं तोंड झाकून बसायच्या.

एकाएकी ढग फाटला. मॅडमनी घाईनं सासूबाईंनाच पुढं केलं. माझ्या भिंगाला डोळा लावून त्यांनी चंद्र या कडेपासून त्या कडेपर्यंत न्याहाळला. मग हळूच म्हणाल्या,

"विशाखा, यालाबी देवी आल्त्या का गं? माझ्यावाणीच वण हायत की."

"दगड आदळून पडलेले खड्डे आहेत ते, आत्याबाई."

"आसू दे. तरी लई साजरा दिसायलाय."

त्यांचा पदर खांद्यावर घसरला होता. त्यांनी तो वर ओढला नाही.

निघालेली माणसं धावत परतली. शेषेराव सरही रांगेत उभे राहिले, पण त्यांची पाळी येईस्तोवर चंद्र पुन्हा झाकला गेला. दुसऱ्या दिवशी संगणक आला, तेव्हा मला त्यांच्या खोलीत खिडकीशी ठेवायला त्यांनी सांगितलं.

मित्रांनो, तुमच्याही शाळेच्या कपाटात माझं एखादं भावंड असेल. त्याला चांद्रयानाच्या दिवसाची वाट बघायला लावू नका. भिंगावर बोटं उमटवू नका, पावसाळ्यात त्याला कोरडं ठेवा, आणि एखाद्या साध्या सोमवारीही आभाळ दाखवा.

आज इथं आभाळ मोकळं आहे. शाळा केव्हाच सुटली. शेषेराव सर अजून घरी गेलेले नाहीत.