दुहेरी फडकं

शहाण्णव साली सांगलीच्या एका डेअरीच्या लॅबमध्ये मी एकच काम करत होते: ताकातले चांगले जिवाणू जिवंत पोटात पोचवायचे. नुसतं ताक प्यायलं तर निम्मेअधिक बिचारे जठरातल्या आंबटातच मरतात. म्हणून समुद्री शेवाळाच्या चिकात त्यांना कालवायचं आणि सुईतून थेंब थेंब पाडून राजगिऱ्याएवढे दाणे करायचे. आमचे साहेब त्याला मायक्रोएनकॅप्सुलेशन म्हणायचे. मी म्हणायचे, जिवाणूंना घोंगडं पांघरलंय.

आणि तिकडे म्हसवडला माझे वडील, आबा, हगवणीनं झिजत चालले होते. न्यूमोनियातनं उठले खरे, पण त्या जहाल औषधांनी पोटातलं बरंवाईट सगळंच मारून टाकलं. पोटात काही टिकेना. डॉक्टरांनी हात टेकले. मग मी साहेबांच्या हातापाया पडून दाण्यांचं ताक थर्मासात भरून एसटीच्या ड्रायव्हरबरोबर धाडायला लागले. आईला आधीच बजावलं होतं, "तापवायचं नाही, मीठ घालायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही."

"व्हय गं बाय, किती येळा सांगशील?" आई वैतागली होती.

महिना गेला. आबांना काडीचा फरक नाही. लॅबमध्ये दाणे आम्लात टाकून बघायचे, आतले जिवाणू जिवंत. परत बघायचे, जिवंत. मग आबांच्याच पोटात कसे मरतायत मेले? माझी झोप उडाली. शेवटी रजा टाकली आणि थर्मास घेऊन मीच गेले.

आबा बाजेवर. ओळखूच येईनात. आईनं थर्मास घेतला, पातेल्यावर दुहेरी फडकं धरलं आणि ताक ओतलं. माझे सगळे दाणे फडक्यावर.

"आई! काय करतीस?"

"गाळतीया. लय कण असत्यात गं त्यात. वाटंत नासत आसंल. म्या रोज गाळून देतीया, एक कण त्यांच्या पोटात जाऊ देत न्हाई." आणि वर हसून म्हणाली, "तूच शिकिवलंस की. इसारलीस?"

विसरेन कशी? नारूच्या साथीत आईच्या पायातनं हातभर जंत निघाला होता. तो पाण्यातनं होतो म्हणून शाळेत आम्हाला पाणी गाळायला फडकी वाटली होती. गाळल्याबिगर काय बी प्यायचं न्हाई म्हणून मीच घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हापासून ही बाई पाणी गाळते, दूध गाळते, आणि आता हे! गाळू नको, हे सांगायचं कुणाच्या ध्यानात येईल? राग तर आला, पण ओरडू कुणावर?

फडक्यावरचे दाणे चमच्यात घेतले, त्यात थोडं ताक घातलं आणि आबांच्या ओठाशी नेले. "आबा, गिळा की."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. गिळणं आता त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. ताक ओठाच्या कडेनं खाली आलं, दाण्यांसकट. आईनं ते त्याच फडक्यानं पुसलं.

"ऱ्हाऊ दे बाय. ह्ये कण वाया जात न्हाईत. करडाला घालते. हागून हागून मराया टेकलं हुतं त्ये. आता बघ की."

दारात करडू टुणटुण उड्या मारत होतं.

आई त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "दीक्षे, तुझ्या ताकानं ह्यास्नीच का गं गुण येईना?"

सांगितलं असतं तर ती जन्मभर स्वतःला खात बसली असती. मी तिच्या हातातनं फडकं घेतलं आणि धुवायला बाहेर गेले.