उतरणीला वळसा

घळीची फेरी साडेपाच किलोमीटरची. घरामागच्या काजूंतून निघायचं, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेकडेने घळीत उतरायचं, घळ जिथे दर्याला मिळते तिथल्या वाळूच्या तुकड्यावर जरा पाय पसरायचे, मग पलीकडच्या अंगाने कडा चढून सड्यावरून, वरच्या कातळमाळावरून, घरी. अडीच-तीन तासांचं काम. "दमवतली, पण रडवची नाय," असं हरिश्चंद्र पाहुण्यांना सांगत. घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना दिलेल्या होत्या आणि सकाळी त्यांना फेरीला नेणं हा हरिश्चंद्रांचा नेम होता. तीस वर्षं होडीवर काढलेला माणूस, घरात बसवत नसे.

संचिता त्यांची सून. माहेर फोंडाघाटचं, दर्या म्हणजे लग्नानंतरची ओळख. तीन वर्षांत तिने ही फेरी एकदाही केली नव्हती. आधी घरचं काम, मग दिवस गेले. आणि श्रावणानंतर तर तिला त्या बाजूला कुणी जाऊच दिलं नाही.

श्रावणात तिला मुलगी झाली आणि नवव्या दिवशी गेली. जन्मापासूनच काळजात दोष होता, असं डॉक्टर म्हणाले. कौस्तुभ, तिचा नवरा, तेव्हा जहाजावर होता, कुठल्याशा परक्या बंदरात. पोर नेलं ते सासऱ्यांनी आणि शेजारच्या बाबलीने. एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, पुरतात. आणि कुठे, ते आईला सांगत नाहीत. सांगितलं तर ती तिथे जाऊन बसते, मग तिचं दुसऱ्या पोराकडे लक्ष लागत नाही, असं म्हणतात. संचिताने बाबलीला विचारलं होतं. तो तंबाखू मळत राहिला आणि म्हणाला, "माका इचारू नको गो बाय." सासूबाईंना विचारलं, तर आनंदीबाई उठून गोठ्यात गेल्या.

तिला दुसरं काही नको होतं. मुलगी कुठे आहे, एवढंच कळायला हवं होतं. झोपताना माणूस ज्या बाजूला तोंड करतो, ती बाजू.

जानेवारीत कोल्हापूरचा एक गट उतरला होता. त्यातली तन्वी नावाची मुलगी फेरीहून आली, ओट्यावर बूट काढता काढता तिने फोन पुढे केला.

"ताई, गंमत बघा. आपण चाललो तशी रेघ उमटते यात."

रेघ गोल होती, घावन्यासारखी. फक्त एका जागी उंदराने कुरतडल्यासारखी आत गेलेली.

"हे काय?" संचिताने विचारलं.

"तिथं वाट सरळ जाते हो. पण काकांनी आम्हाला काट्यांतून वर चढवलं. साप आहेत म्हणे. आमचा अजय म्हणतो, काकांची आणि त्या सापांची घरोब्याची ओळख असणार."

सगळे हसले. संचिताही हसली, चहाचे कप गोळा केले आणि आत जाऊन मोरीपाशी उभी राहिली. बराच वेळ. हातातले कप तसेच.

मंगळवारी पाहुणे नव्हते. हरिश्चंद्र कोयती घेऊन वाट साफ करायला निघाले, तर ही दारात, पायात कौस्तुभचे जुने कॅनव्हासचे बूट.

"मी येतंय."

"खंय?"

"फेरीक."

आतून आनंदीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "खुळावलंस काय गो? त्या वाटेन बायल माणसान..."

"कोल्लापूरची चेडवा गेली ती कोण होती?"

"त्यांची गोष्ट येगळी."

"कित्याक येगळी?"

आनंदीबाई नवऱ्याकडे बघू लागल्या. हरिश्चंद्रांनी कोयतीची धार अंगठ्यावर पाहिली आणि म्हणाले, "येवंदे. इतके म्हयने घरात बसान काय झाला?"

घळीत ऊन उशिरा उतरतं. व्हाळ आटत आला होता, खडपांतून, खडकांच्या फटींतून, नुसता गळत होता. हरिश्चंद्र पुढे, मध्येच कोयती चालवत. सवयीने बोलत होते. ह्या आंजणाचा झाड, फुलता तेव्हा निळा दिसता. हयसर बिबट्यान गेल्या वर्षी वासरू मारल्यान. ह्या खडपार वायच जपान, निसरता.

"बाबा, माका पावण्यांसारख्या सांगू नकात."

मग नुसते पाय वाजत राहिले आणि पुढून दर्याचा आवाज वाढत गेला.

वाळूवर ते बसले नाहीत. तिने विचारलंही नाही, सरळ पलीकडच्या चढाला लागली. चढ तिला जड गेला. बाळंतपणानंतर कमरेत जोर राहिला नव्हता. प्रत्येक वळणावर दर्या थोडा अधिक दिसायचा. आधी नुसता फेस, मग निळा पट्टा, मग दूरवर मालवणच्या किल्ल्याची काळी रेघ. कुणालाही थांबून बघावंसं वाटलं असतं. ती पायाखालची माती बघत होती.

अर्ध्या चढावर वाट एका उतरणीला आडवी जात होती. तांबडी उघडी माती, तिच्यावर पातळ, वाळलेलं गवत. हरिश्चंद्र तिथवर गेले आणि वरच्या अंगाला काट्यांत शिरले. संचिता उभी राहिली.

"वाट हकडसून आसा, बाबा."

"थंय जनावर आसता."

"बाबा. माझा चेडू हयसर आसा मा?"

त्यांची पाठच दिसत होती तिला. कोयती खाली आली आणि मांडीला टेकून राहिली.

"आसा," ते म्हणाले.

"खंय? माका बोट दाखवा. मी रडूचंय नाय. परत येवचंय पण नाय. एकदा दाखवा."

ते वळले. त्यांनी हात उचलला, उतरणीवर फिरवला आणि खाली घेतला.

"माका म्हायत नाय गो."

तिला वाटलं, टाळताहेत. इतके महिने सगळ्यांनी टाळलं तसंच. तिचा आवाज चढला. "तुमीच घेवन इलात ना? तुमच्या हातान ठेवलात ना?"

"माझ्याच हातान." हरिश्चंद्र काट्यांतून खाली आले आणि वाटेच्या कडेला बसले. "पावस लागलेलो. बाबलीन खणल्यान, मी ठेवलंय. वर धोंडे लायले, काटे घातले, कोल्यान उकरू नये म्हणान. मग सड्यावरसून घराक गेलो. इल्लेल्या वाटेन परत जावचा नसता. आणि मागे वळान बघूचा नसता. तुका म्हायत आसा."

"आसा."

"दर्यात पाण्याखाली खडप आसता, मासो थंयच गावता, पण खडप दिसना नाय. तरी आमी होडी त्याच खडपार नेतव. कशी? जमनीकडे वळान बघतव. ह्यो माड आणि देवळाचो कळस एका रेषेत इलो, तकडे तो डोंगर आणि ती वडाची फांदी. दोन खुणा धरल्यो की जागा चुकना नाय. तीस वर्सां माझी एक जागा चुकाक नाय." त्यांनी कोयतीचं टोक मातीत रोवलं. "त्या दिवशी एक खूण धरूक नाय मी. वळाचा नव्हता ना."

ती उतरणीकडे वळली.

"चौथ्या दिवशी हो सगळो उतार खाली बसलो. मी इलंय तेव्हा धोंडे खंय, काटे खंय, काय्येक नाय. नुसती माती. दर आठवड्याक येतंय, बघतंय. कौस्तुभाक पण सांगूक नाय मी. आता पाय खंय ठेवू, सांग? म्हणान वरसून जातंय."

संचिता खाली बसली. उतरण असेल चाळीस-पन्नास पावलांची. एका टोकाला करवंदीची जाळी, मध्ये अर्धवट रुतलेला जांभ्याचा दगड, खाली कडा आणि कड्याखाली दर्या. तिने जाळीकडे पाहिलं, मनात म्हटलं, इथे. मग दगडाकडे पाहिलं, इथे असेल. मग वाटलं, माती सरकत सरकत पार कड्यावरून गेली असेल तर? तो विचार तिने तिथेच सोडला. डोळे फिरत राहिले आणि कुठेच टेकेनात. खालून एक होडी इंजिन वाजवत गेली. होडीतल्या माणसाने हरिश्चंद्रांना ओळखून हात केला. त्यांनीही नकळत केला.

होडी दूर गेल्यावर तिने विचारलं, "कशी नेलात?"

"काय?"

"हयपर्यंत. पिशयेत?"

"पिशयेत कित्याक?" ते दुखावून म्हणाले. "खांद्यार. तुझ्या त्या हिरव्या लुगड्यात गुंडाळून. बाबली म्हणालो, मी घेतंय वायच, चढ आसा. मी देवक नाय. वाटभर बोललंय तिच्याकडे."

"काय बोललात?"

"काय बोलतलंय?" त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, घडी केली, परत टाकला. "ह्या आंजणाचा झाड, ह्यो दर्यो. असाच. पावण्यांका सांगतंय तसा."

मघाशी घळीत आपण त्यांना गप्प केलं ते तिला आठवलं, आणि तिला तोंड वर करवेना.

"ठेवताना नीट ठेवलंय हां," ते घाईने म्हणाले. "डोक्याक दक्षिण. डाव्या कुशीर निजवलंय, म्हणजे तोंड दर्याकडे येता. उताणी ठेव म्हणालो बाबली, पण माका बरा वाटूक नाय. बारका पोर, कुशीर निजता." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "चुकला काय गो माझा?"

नऊ दिवसांत ती मुलगी फक्त उजव्या कुशीवर झोपली होती. डाव्या कुशीवर वळवली की ओठ वाकडे करून किरकिरायची, परत उजवीकडे केल्याशिवाय डोळा लावायची नाही. हे घरात एकट्या संचितालाच ठाऊक होतं. जगातही तिलाच.

सासरे कोयतीची मूठ दोन्ही हातांत धरून उत्तराची वाट बघत होते.

"नाय, बाबा," ती म्हणाली. "डाव्याच कुशीर निजायची ती."

"खरा?"

"खरा. दुसऱ्या कुशीर केलंय तर रडायची."

हरिश्चंद्रांनी मान हलवली, दोनदा, तीनदा. पंचा तोंडावर धरला आणि लहान मुलासारखा आवाज काढून रडले. ती सरकून त्यांच्या जवळ बसली आणि सून सासऱ्याच्या पाठीवर हात ठेवत नाही, तरी ठेवला. समोर उतरणीवरचं वाळकं गवत वाऱ्याने एका बाजूला निजत होतं, उठत होतं.