क्षिप्रा ओरडली नाही ती मॅच

आमच्या टीममधल्या पाच जणी मैदानावर असायच्या आणि त्यातल्या चौघींना क्षिप्राची भीती वाटायची. पाचवी म्हणजे क्षिप्रा स्वतः.

मी इथे परदेशात फुटबॉल खेळते म्हटलं की नागपूरचे सगळे नातेवाईक मला फोनवर विचारतात, "गोल किती मारले?" अहो, तो फुटबॉल नव्हे! हा लांबट बॉलचा, हाताने फेकायचा, अमेरिकेतला. फक्त आम्ही मुली एकमेकींना आडवं पाडत नाही. प्रत्येकीच्या कमरेला दोन फडकी लटकवलेली असतात. जिच्या हातात बॉल, तिचं फडकं ओढलं की खेळ तिथेच थांबतो. आणि क्वार्टरबॅक म्हणजे काय, तर जिच्या हातात बॉल येतो आणि तो कुणाकडे फेकायचा हे ठरवायला जिला जेमतेम दोन श्वास मिळतात ती. चुकली तर तिची चूक, आणि पास बरोबर गेला तर टाळ्या झेलणारीला.

क्षिप्रा आमची क्वार्टरबॅक होती आणि तिचा एक कायदा होता. प्रत्येक डावाआधी आम्ही डोकी जोडून गोल करून उभ्या राहतो, त्याला हडल म्हणतात. "हडलमध्ये एकच तोंड," क्षिप्रा म्हणायची, "बाकीच्यांना कान." कोणी मध्येच बोललं की ती नुसती बघायची. त्या बघण्याने नुरुलसारखी दांडगी मुलगीसुद्धा गप्प व्हायची. पण आम्ही जिंकायचो ना! क्षिप्राचा पास यायचा तो सरळ, जोरात, बोटं झिणझिणतील असा.

मी तिची बदली क्वार्टरबॅक. म्हणजे पाण्याच्या बाटल्या भरणारी. पण २००८ साली मला काय झालं कोण जाणे, माझं तोंडच सुटलं. वर्गात हात वर करायला लागले, बसमध्ये आंटींशी गप्पा मारायला लागले. एका मॅचला कोच लिमनी शेवटची दहा मिनिटं मला दिली, तर मी हडलमध्ये सरळ विचारलं, "बोला, बॉल कोणाला हवाय?" सगळ्या खो-खो हसल्या, आणि आम्ही टचडाउन केलं, म्हणजे बॉल थेट समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला.

मॅचनंतर क्षिप्रा म्हणाली, "एकता, हॉटेल आहे का ते? ऑर्डर घेत होतीस!"

"अगं, पण मिळालं ना टचडाउन?"

"समोरची टीम ढ होती म्हणून."

आम्ही दोघीच टीममध्ये मराठी, त्यामुळे भांडण मराठीत. बाकीच्यांना वाटायचं आम्ही काहीतरी गुप्त डावपेच आखतोय.

नोव्हेंबरमध्ये एकदा सरावानंतर मी तिच्या घरी गेले. ते ईस्ट कोस्टला समुद्राजवळच्या कॉन्डोमध्ये, म्हणजे महागड्या सोसायटीत राहायचे, आम्ही हौगांगला साध्या सरकारी फ्लॅटमध्ये. तिच्याकडचा पांढरा सोफा मला फार आवडायचा, बसलं की माणूस आत गडप. त्या दिवशी हॉलमध्ये सोफाच नव्हता. तिची आई, सुलेखा काकू, घाईघाईने म्हणाल्या, "अगं, पॉलिशला दिलाय."

कापडाचा सोफा पॉलिशला?

क्षिप्राने मला खाली स्विमिंग पूलपाशी नेलं आणि एका दमात सांगून टाकलं. तिच्या बाबांची, विक्रांत काकांची, बँकेतली नोकरी गेली होती. नोकरी गेली की इथे राहायचा सरकारी पास रद्द, आणि पास रद्द झाला की सगळ्या कुटुंबाने देश सोडायचा. पुण्याची तिकिटं काढली होती, फायनलनंतरच्या मंगळवारची. सोफा विकला होता.

"कोणाला सांगायचं नाही, एकता. शप्पथ घे."

"अगं, पण कोचना तरी..."

"कोचना मुळीच नाही. कळलं तर ते मला बिचारी म्हणून खेळवतील. आणि मराठी मंडळात कळलं तर सगळ्या काकू डबे घेऊन भेटायला येतील. आईला नाही सहन होणार." मग ती म्हणाली, "मला फक्त फायनल खेळायचीय. क्वार्टरबॅक म्हणून. बाकी सगळं घेऊन जाऊ देत, खोली, सायकल, काय हवं ते."

मी शपथ घेतली.

त्याच शनिवारी सेमीफायनल होती. क्षिप्रा सकाळपासून तापलेली. पहिल्याच डावात तिने हुई मिनला झक्क पास दिला आणि हुई मिनच्या हातून तो सुटला. दुसऱ्यांदा दिला, पुन्हा सुटला. क्षिप्रा मैदानाच्या मधोमध उभी राहून ओरडली, "तुझे हात आहेत की टोफू?"

लोक हसले. हुई मिनचे आईबाबा, आजी, सगळे बघायला आले होते. तेसुद्धा ऐकत होते. हुई मिनने कमरेचा फडक्यांचा पट्टा सोडला, गवतावर ठेवला आणि ती मैदानाबाहेर चालायला लागली. आम्ही उरलेल्यांनी कशीबशी मॅच जिंकली, पण नंतर कोणी मिठीबिठी मारली नाही. सगळ्या मिळून कोचकडे गेल्या. "कोच, फायनलला क्षिप्रा क्वार्टरबॅक असेल तर आम्ही नाही."

कोच लिमनी मला बाजूला घेतलं. "एकता, फायनलला तू. क्षिप्रा झेलायला पळेल."

खरं सांगू? मी क्वार्टरबॅक! फायनलला! आणि क्षिप्राकडे उरलेली ती एकच गोष्ट मी उचलून नेणार होते. तोंड उघडून एक वाक्य बोलले असते तर सगळ्या विरघळल्या असत्या. पण शपथ होती.

घरी जेवताना मी भाताशी खेळत बसले. आई म्हणाली, "काहून गं, जिंकून आली ना तू? मग तोंड असं काहून?" मी म्हटलं, पाय दुखतात.

दुसऱ्या दिवशी मी क्षिप्राला गाठलं. "मी कोचना नाही म्हणते. नाही तर तू मला शपथेतून सोडव."

"दोन्ही करायचं नाही."

"मग हुई मिनला सॉरी म्हण. ती चांगली आहे गं, ऐकेल."

"म्हटलं. काल रात्री फोन केला. ती म्हणाली, ओके, नेव्हर माइंड. पण आवाजावरूनच कळलं, ती फक्त फोन ठेवायची वाट बघत होती." क्षिप्राने बूट गवतावर घासला. "दयेवर मिळालेली जागा मला नकोय. तू खेळ. आणि नीट खेळ, नाही तर बघ."

फायनल यिशुन भागातल्या टीमशी होती. त्यांनी क्षिप्राला आधीच ओळखून ठेवलं होतं. दोघी-दोघी तिच्या मागे. आणि हडलमध्ये मी माझ्याच पद्धतीने, "नुरुल, तुला काय वाटतं? हुई मिन, दमलीस का?" सगळ्या बोलत होत्या, हसत होत्या. क्षिप्रा मात्र अक्षर बोलली नाही. कायदा तिचाच होता आणि आता क्वार्टरबॅक मी होते. पूर्ण मॅच ती पळत राहिली, तिच्याकडे एकदाही बॉल गेला नाही, आणि प्रत्येक हडलला ती डोकं जोडून, कान देऊन उभी.

शेवटचा डाव आला. टचडाउन झालं तर जिंकलो, नाही तर संपलं. मी मनाशी ठरवूनच आले होते. बॉल मी मागे क्षिप्राकडे टाकणार, आणि ती तिथून लांब फेकणार. तिचा एक तरी शेवटचा पास. कोणाला काही न विचारता मी हडलमध्ये तो डाव सांगितला.

क्षिप्राने मान वर केली. "मला देऊ नकोस," ती मराठीत म्हणाली. "त्या दोघी माझ्याच अंगावर येणार. मी उजवीकडे पळते, त्यांना घेऊन जाते. डावा कोपरा रिकामा राहील. हुई मिनला दे."

"अगं, पण तुझा हा शेवटचा..."

"तू क्वार्टरबॅक आहेस की माझी मावशी?"

"क्षिप्रा..."

"तिला जोरात फेकू नकोस. छातीशी, हळू. मी जोरात फेकायचे ना, म्हणून सुटायचा."

मराठी न कळून बाकीच्या आमच्या तोंडाकडे बघत होत्या. मी डाव बदलून सांगितला.

क्षिप्रा उजवीकडे अशी पळाली, हात वर करून, "एकता! एकता!" अशा हाका मारत, की मलासुद्धा क्षणभर वाटलं बॉल तिलाच द्यावा. यिशुनच्या तिघी तिच्यामागे धावल्या. डाव्या कोपऱ्यात हुई मिन एकटी. मी बॉल छातीशी टाकला, हळू. तिने तो पोटाशी घट्ट धरला, जसं काही बाळच!

जिंकलो. नुरुलने मला उचललं. कोच लिम नाचले.

त्यांनीच सगळ्यांना ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाऊच्या ठेल्यांच्या बाजारात, काडीला लावून भाजलेले साटे खायला नेलं. हुई मिन काडी नाचवत म्हणाली, "सी लाह! नो शाउटिंग ऑल्सो कॅन विन!" म्हणजे, बघा, न ओरडताही जिंकता येतं! सगळ्यांनी टेबल वाजवलं. क्षिप्रा समोरच बसली होती. मी सांगणारच होते, की अगं मूर्खांनो, तो डाव कोणाचा होता माहितीये का? टेबलाखाली क्षिप्राचा बूट माझ्या पायावर पडला. चांगलाच लागला.

"खरंय," ती हुई मिनला म्हणाली. "एकता बरी आहे."

नंतर आम्ही दोघी समुद्राच्या कडेने तिच्या घराकडे निघालो. सायकलवाले घंटी वाजवत बाजूने जात होते. मीच बोलत सुटले. डावा कोपरा काय मस्त रिकामा पडला, ती यिशुनची उंच मुलगी कशी आपटली, काय काय. ती एकदम थांबली.

"एकता, मी हरायची वाट बघत होते."

"काय?"

"काल रात्रभर. देवाला सांगत होते, ह्यांना हरव. म्हणजे मी गेल्यावर तरी म्हणतील, क्षिप्रा हवी होती. तुझा पास चुकला की मला बरं वाटायचं." तिने नाक मनगटाला पुसलं. "आणि मग शेवटी तो कोपरा दिसला. मला दिसलाच गं. दिसल्यावर सांगितल्याशिवाय कसं राहायचं?"

मी तिची बॅग माझ्या खांद्यावर घेतली, तर तिने ती परत ओढून घेतली.

"पुण्यात हे कोणी खेळतं?" मी विचारलं.

"नाही. शोधलं मी इंटरनेटवर. तिथे हा बॉलसुद्धा मिळत नाही."

"मग तू काय करणार?"

तिच्याकडे नेहमी उत्तर असायचं, उजवीकडे पळ, डावीकडे वळ, मी फेकते. त्या दिवशी ती समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. लांब जहाजं नांगर टाकून थांबलेली होती.

"माहीत नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात काकूंचा फोन आला. खोकी भरायची होती, माणूस पलंग न्यायला आला होता. क्षिप्रा "आले" म्हणाली आणि कॉन्डोच्या फाटकाकडे चालायला लागली. मी तिथेच उभी होते. फाटकातून आत जाईपर्यंत ती पळाली नाही, साधी चालत गेली. इतकी हळू चालताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.