एकशे अकरा टक्के

घ्या! तृप्तीनं हिशेब तीनदा मांडला आणि तिन्ही वेळा उत्तर तेच आलं, एकशे अकरा टक्के. टाकलेलं सगळंच्या सगळं रसायन कामी आलं असतं, तरी ॲस्पिरिन दोन पूर्णांक सहा ग्रॅमच्या वर जाणार नव्हतं. हिच्या तराजूत भरलं दोन पूर्णांक नऊ. असं कुठं असतं का?

भंडाऱ्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचं प्रॅक्टिकल चाललं होतं. मागच्या साली तृप्ती यातच आपटली होती. नागपूरच्या एका औषध कारखान्यानं नोकरीचं पत्र दिलं होतं, पण पास झाल्याचा कागद आणला तरच.

"ब्याऐंशी लिही अन् मोकळी हो," शेजारची रीना कुजबुजली. "सिनियरच्या वहीत तेच आहे. साऱ्यायनं तेच लिहिलं."

तृप्तीनं पेन उचललासुद्धा. मग सहज ती पांढरी भुकटी चिमटीत दाबली, तर तिची गोळीच वळली. तिला माय आठवली. सरकारी खरेदी केंद्रावर धान विकायला न्यायच्या आधी सुलोचनाबाई एक दाणा दाताखाली धरायची. कट् वाजला नाही की म्हणायची, "हे वजन धानाचं नाही व माय, पान्याचं आहे. पसरव पुन्हा."

लोडशेडिंगमुळे ओव्हन थंड पडला होता. तृप्तीनं भुकटी कागदावर पातळ पसरली, खिडकीतल्या उन्हात ठेवली आणि काचेच्या कांडीनं वरखाली करत बसली.

"कायले वाळवून राहिली व? टाइम जाऊन राहिला ना," रीना वैतागली.

वैतागू दे. तृप्तीनं भुकटी जुन्या दोन पारड्यांच्या तराजूत तोलली, पुन्हा उन्हात ठेवली, पुन्हा तोलली. दोन्ही वेळा एक पूर्णांक पंच्याण्णव. म्हणजे पंच्याहत्तर टक्के.

बाहेरून आलेले परीक्षक मधुकरराव ब्याऐंशी वाचून वाचून कंटाळले होते. तृप्तीच्या वहीवर ते थांबले.

"एकशे अकरा का खोडले?"

"पाणी होतं, सर. वाळवलं."

"आणि उरलेले पंचवीस?"

"काही गाळताना पाण्यात गेलं, काही भांड्याला चिकटलं." ती जरा अडखळली. "अन् थोडं माझ्या हातून सांडलं, सर."

मधुकरराव त्या दिवशी पहिल्यांदा हसले. "हेही वहीत लिहा," म्हणाले आणि खाली सही केली.

महिन्याभरानं निकाल लागला. तृप्ती पास झाली. मायला तिनं सगळी कथा सांगितली.

"शंभरातले पंचवीस सांडवले अन् तरी नोकरी देऊन राहिले?" असं म्हणत सुलोचनाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि पोरीचे नागपूरचे कपडे भरायला फळीवरची पेटी खाली काढली.