बिनकेसांची मांजर

सलूनवाल्याचा सगळा राग केसांवर. दिवसभर कापायचे, झाडायचे, तरी ते कॉलरमध्ये, नाकात, चहाच्या कपात शिरायचे आणि गिऱ्हाइकं शिंकत सुटायची. त्यामुळे दमेकरी लेकीने मांजरासाठी हट्ट धरला, तेव्हा या शहाण्याने बिनकेसांची मांजर शोधून आणली. बायको कुरकुरली, तर म्हणाला, केसच नाहीत तर दमा येईल कुठून? गिऱ्हाइकांनाही तो हे छातीठोकपणे सांगायचा.

मांजर गुलाबी, सुरकुतलेली आणि हाताला गरम. बायकोला आधी वाटलं, हिला तापच आहे. पण ताप कसला, मध्ये केस नसल्यामुळे ऊब थेट हाताला लागायची, एवढंच. थंडी मात्र तिला फार वाजायची, म्हणून ती लेकीच्या पांघरुणात शिरायची आणि उशीवर तिच्या गालाला गाल लावून झोपायची.

आज सकाळी लेक दारातच मटकन खाली बसली. छातीतून शिट्टी वाजत होती, ओठ निळसर पडले होते. पंपानेही भागेना. तिला उचलून दवाखान्यात आणेपर्यंत सलूनवाल्याच्या जिवात जीव नव्हता.

तिच्या तोंडावर औषधाच्या वाफेचा मास्क लागला. घरात प्राणी आहे का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर त्याने घाईने सांगितलं, मांजर आहे, पण बिनकेसांची. त्यांनी मान हलवली. त्रास केसांचा नसतोच, तो लाळेतून आणि कातडीतून येतो, आणि कमी-जास्त सगळ्याच मांजरांचा असतो.

"मांजर झोपते कुठे?"

लेकीने मास्क बाजूला केला. "स्वयंपाकघरात. टोपलीत. माझ्या खोलीत येतच नाही." एवढं बोलायलाही तिला धाप लागली.

मग कारण दुसरंच असेल, असं म्हणून बाई धुळीचं, ओल आलेल्या भिंतींचं विचारू लागल्या. लेक बापाकडे बघत डोळ्यांनीच गयावया करत होती. तो गप्प बसला असता तर मांजर घरात राहिली असती. हौसेने मांजर आणली त्यानेच, आता बाहेर काढायची तीही त्यानेच. तेवढ्यात ती शिट्टी पुन्हा वाजली.

"उशीवर झोपते," तो म्हणाला. "रोज. मीच झोपू देत होतो."

लेकीने त्याच्या मुठीतून आपली बोटं सोडवून घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुपारनंतर तिचा श्वास मोकळा झाला. तरी तिने तोंड भिंतीकडून वळवलं नाही. तो तिची वर-खाली होणारी पाठ बघत बसून राहिला.